चिलरचा कॉम्प्रेसर बंद पडतो, की बंद केला जातो?

वाचकांचे प्रश्न : यंत्र आणि देखभाल

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत पाण्याच्या चिलरविषयीच्या (पाणी गार करणाऱ्या यंत्राविषयीच्या) तक्रारींचे प्रमाण वाढते. या वेळी सोलापूर आणि परिसरातून आलेली काही पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण त्या सर्वांचा रोख कॉम्प्रेसरच्या (चिलरमधला गॅस दाबणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रणावर आहे. पत्रे आटोपशीर केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाच्या गच्चीवर ४० टीआर (टन रेफ्रिजरेशन, गारव्याच्या क्षमतेचे एकक) क्षमतेचा एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारा, चिलर आहे. त्यात दोन स्क्रोल कॉम्प्रेसर असून गॅस आर-२२ आहे. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग यांची वातानुकूलन यंत्रणा त्यावरच चालते. मार्चपासून जवळजवळ रोज दुपारी १ ते ४ च्या दरम्यान कॉम्प्रेसर बंद पडतो. कधी पाचेक मिनिटांनी तो आपोआप सुरू होतो, कधी गच्चीवर जाऊन रीसेटचे बटण दाबावे लागते, आणि वीज जाऊन जनरेटर लागला तर पुष्कळदा सुरूच होत नाही. रात्री मात्र काही तक्रार नसते. मेकॅनिकने दोनदा गॅस भरला, कंट्रोलरचे कार्ड बदलले, तरी फरक पडला नाही. आता कॉम्प्रेसरच बदला असे सांगितले जात आहे. काय करावे?
— देखभाल पर्यवेक्षक, सोलापूर

उत्तर : कॉम्प्रेसर बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. जो कॉम्प्रेसर रात्रभर विनातक्रार चालतो आणि पाण्याचे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखतो, त्याच्या आत यांत्रिक बिघाड असण्याची शक्यता फार थोडी असते. आपण एकच बिघाड समजून ज्याच्या मागे लागला आहात ते बहुधा तीन निरनिराळे बिघाड आहेत, आणि त्याची खूण आपल्याच पत्रात आहे. एका वेळी कॉम्प्रेसर आपोआप परत येतो, दुसऱ्या वेळी रीसेट मागतो आणि तिसऱ्या वेळी केवळ जनरेटरवर अडतो. चिलरमधील प्रत्येक संरक्षक उपकरणाची कॉम्प्रेसरला पुन्हा मोकळे सोडण्याची रीत वेगळी असते, त्यामुळे तो परत कसा आला हे नीट पाहिले की त्याला कोणी थांबवले याचा निम्मा शोध लागतो.

कॉम्प्रेसर स्वतःहून थांबत नाही. त्याच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत-चुंबकी स्विचच्या) कॉइलचा पुरवठा कोणीतरी तोडतो. त्या कॉइलपर्यंत जाणाऱ्या वाटेवर फेज सिक्वेन्स रिले, गार पाण्याच्या पंपाच्या कॉन्टॅक्टरचा सहायक संपर्क, फ्लो स्विच (पाणी वाहते आहे की नाही हे पाहणारा), पाणी गोठू नये म्हणून लावलेला अँटीफ्रीझ थर्मोस्टॅट, हाय प्रेशर आणि लो प्रेशर स्विच, मोटरच्या वाइंडिंगचे तापमान पाहणारे मॉड्यूल, ओव्हरलोड रिले आणि अखेरीस कंट्रोलरचा स्वतःचा रिले अशी साखळी असते. जुन्या पॅनेलमध्ये हे सारे संपर्क एकामागे एक जोडलेले असतात, नव्या पॅनेलमध्ये ते कंट्रोलरच्या वेगवेगळ्या इनपुटवर येतात. पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवलेला सर्किट डायग्राम शाबूत असेल तर त्याची मोठी प्रत काढून त्यावर आपल्या यंत्रातील तारांचे क्रमांक लिहून ठेवा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि ते न करता कार्ड बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. कंट्रोलरमध्ये अलार्मची नोंद राहते. रीसेट दाबण्याआधी ती वाचून वेळेसह वहीत उतरवलीच पाहिजे. आपल्याकडे गच्चीवर धावत जाऊन आधी बटण दाबण्याची आणि मग विचार करण्याची जी सवय आहे तिच्यामुळे नेमका पुरावाच नाहीसा होतो.

आता रीसेट मागणाऱ्या बिघाडाकडे वळू. बहुतेक एअर-कूल्ड चिलरमध्ये हाताने रीसेट करावा लागणारा स्विच हा हाय प्रेशरचा असतो, आणि दुपारी तोच उडतो आहे असे मानायला सबळ कारण आहे. कंडेन्सरमधला (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातला) गॅस बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते १७ अंश अधिक तापमानाला द्रव होतो. कंडेन्सरमध्ये शिरणारी हवा ४३ अंशांची असेल तर गॅस सुमारे ६० अंशांवर असतो आणि आर-२२ साठी त्याचा दाब सुमारे ३३७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) भरतो. शिरणारी हवा ५० अंशांची झाली तर हाच दाब ३९० च्या पुढे जातो. हाय प्रेशर स्विच अशा यंत्रांत साधारणपणे ४०० पीएसआयच्या आसपास लावलेला असतो, म्हणजे फरक फार थोडा उरतो. हवामान खात्याचे ४३ अंश हे सावलीतले असतात. आपल्या गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर, कंडेन्सरच्या कॉइलच्या अगदी जवळ, थर्मामीटर धरून दुपारी २ वाजता किती दिसते ते आपणच पाहा.

आपल्या पत्रासोबतच्या छायाचित्रात चिलरच्या तीन बाजूंना ऊन लागू नये म्हणून हिरवी जाळी आणि वर पत्रा टाकलेला दिसतो. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. पंख्यांनी वर फेकलेली गरम हवा पत्र्याला आपटून खाली येते आणि जाळीच्या आतल्या आत पुन्हा कॉइलमध्ये ओढली जाते. कॉइलवर पडणाऱ्या उन्हाने जेवढे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट नुकसान या फिरत्या गरम हवेने होते. पत्रा आजच काढा, जाळीही काढा. मग कॉइल उजेडात पाहा. आपल्या भागात यंत्रमाग जवळ असल्यास फिनांच्या बाहेरच्या थरात कापसाचे तंतू आणि धूळ मिळून एक राखाडी गादी तयार झालेली आढळते, जी समोरून केवळ मळकट रंगासारखी दिसते पण नखाने खरवडली की पापुद्र्यासारखी सुटून येते. ती पंख्याच्या बाजूने, म्हणजे आतून बाहेर, हलक्या धारेच्या पाण्याने धुवावी. जोराचा जेट मारू नये, फिना दुमडल्या की त्या सरळ करण्यातच आठवडा जातो. आणि दोनदा भरलेला गॅस खरोखर कमी होता का, हे तपासून घ्या, कारण गरजेपेक्षा अधिक गॅस असल्यास कंडेन्सरचा काही भाग द्रवाने भरून राहतो आणि दाब आणखी चढतो. म्हणजे उपायानेच आजार वाढलेला असू शकतो.

आपोआप परत येणाऱ्या बिघाडाचे तसे नाही. पाच मिनिटांचा काळ हा बहुधा बिघाडाचा नसून अँटी-रीसायकल टायमरचा आहे. कॉम्प्रेसर लागोपाठ सुरू होऊ नये म्हणून कंट्रोलर ३ ते ५ मिनिटे थांबतो. मूळ कारण काही क्षणांचे असले तरी थांबणे पाच मिनिटांचे होते, आणि तेवढ्या वेळात सगळे सुरळीत झालेले असल्यामुळे पाहणाऱ्याला काहीच सापडत नाही. अशा क्षणिक कारणांत दोन प्रमुख आहेत. पहिले म्हणजे फ्लो स्विच. सोलापुरात नळाला रोज पाणी नसते हे आपण जाणताच. गच्चीवरील एक्सपान्शन टाकी कोरडी पडली की पाण्याच्या पाइपात हवा शिरते आणि फ्लो स्विचचे पॅडल (पाण्याच्या धारेत राहणारी पाती) फडफडू लागते. टाकीतील पाण्याची पातळी, बॉलकॉक आणि वरच्या टोकाचा एअर व्हेंट पाहावा. पॅडलच्या आधी आणि नंतर पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी आहे का, आणि स्विचवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का, हेही पाहावे. एल्बोला चिकटून बसवलेला फ्लो स्विच आयुष्यभर त्रास देतो.

दुसरे कारण व्होल्टेजचे. स्क्रोल कॉम्प्रेसर सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट घेतो. दुपारी पुरवठा आधीच खाली आलेला असताना दुसरा कॉम्प्रेसर सुरू झाला की क्षणभर व्होल्टेज इतके पडते की पहिल्याचा कॉन्टॅक्टर सुटतो. २३० व्होल्टची कॉइल निदान ८५ टक्के, म्हणजे सुमारे १९६ व्होल्ट असल्याशिवाय नीट ओढून घेत नाही. म्हणून मल्टिमीटर मेन पॅनेलवर न लावता थेट कॉइलच्या दोन टोकांवर लावावा आणि दुसरा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी आकडा किती खाली येतो ते पाहावे. कॉन्टॅक्टर घरघरतो, त्याच्या संपर्कांवर काळे खड्डे पडले आहेत, अशी चिन्हे असतील तर संशय पक्का समजावा. न्यूट्रलचा ढिला स्क्रू हे यातले अगदी साधे आणि म्हणूनच सर्वांत शेवटी पाहिले जाणारे कारण आहे. तिन्ही फेजमधला असमतोलही मोजा. समजा ४१५, ४०५ आणि ३९२ असे आकडे मिळाले, तर सरासरी ४०४, कमाल फरक १२, म्हणजे असमतोल सुमारे ३ टक्के. एवढ्याने मोटरच्या वाइंडिंगचे तापमान अंदाजे १८ टक्क्यांनी वाढते, आणि तापलेल्या दुपारी मॉड्यूल मोटर बंद करते ते योग्यच करते. काही मॉड्यूल त्यानंतर अर्धा तास कुलूप लावून बसतात. त्या काळात ‘वाइंडिंग ओपन आहे, कॉम्प्रेसर गेला’ असा निकाल देण्याची घाई करू नये. ज्या कॉम्प्रेसरमध्ये संरक्षक आतच बसवलेला असतो तो थंड व्हायला तासाहून अधिक वेळही लागतो. मॉड्यूलच्या थर्मिस्टरच्या (तापमान पाहणाऱ्या सेन्सरच्या) तारांना मेगर (उच्च व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारे मीटर) मात्र चुकूनही लावू नका.

जनरेटरवर न सुरू होण्याचे कारण जवळजवळ निश्चितपणे फेजचा क्रम हे आहे. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर मोठा आवाज करतो, दाब तयार करत नाही आणि थोड्या वेळात आतून खराब होतो, म्हणून फेज सिक्वेन्स रिले त्याला सुरू होऊ देत नाही. जनरेटरच्या तारा जोडताना क्रम मेनशी जुळवलेला नसेल तर हेच होईल. सुधारणा चेंजओव्हर स्विचच्या जनरेटरकडील बाजूला, दोन फेज अदलाबदल करून, करायची असते. चिलरच्या पॅनेलमध्ये तारा बदलून जनरेटरवर चालू करून दिला की वीज आल्यावर तोच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो, आणि मग वैतागून कोणीतरी रिलेच बायपास करतो. जनरेटरचे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीही भाराखाली पाहून घ्यावी. हे सारे झाल्यानंतरही दुपारी कॉम्प्रेसर थांबला, तरच कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाला बोलवा आणि त्याच्या हाती वेळ, अलार्म, दोन्ही दाब, तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि कंडेन्सर कॉइलजवळच्या हवेचे तापमान यांच्या नोंदींची वही द्या.

प्रश्न : माझ्याकडे प्लास्टिक मोल्डिंगची दोन यंत्रे आहेत. ५ टीआरचा चिलर साच्यांना गार पाणी पुरवतो. कॉम्प्रेसर दर मिनिटा-दोन मिनिटांनी चालू-बंद होतो. आधी तो बंद झाल्यावर तीन मिनिटे थांबत असे, पण तेवढ्यात पाणी फार गरम होऊन माल खराब येई, म्हणून टायमर शून्यावर ठेवला आहे. कॉन्टॅक्टर वर्षात दोनदा जळाला.
— लघुउद्योजक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : टायमर आजच पूर्ववत करावा. आपला प्रश्न कंट्रोलरचा नसून पाण्याच्या साठ्याचा आहे, आणि तो साध्या गणिताने समजतो. एक टीआर म्हणजे तासाला ३०२४ किलोकॅलरी, म्हणून ५ टीआरचे यंत्र मिनिटाला सुमारे २५० किलोकॅलरी उष्णता काढते. आपल्या साच्यांचा भार त्याच्या ४० टक्के धरला तर १०० किलोकॅलरी साच्यांतून येतात आणि १५० उरतात. आपण टाकी आणि पाइप मिळून ५० लिटर पाणी असल्याचे लिहिले आहे. ते पाणी या उरलेल्या ताकदीने मिनिटाला ३ अंश गार होते आणि कॉम्प्रेसर बंद असताना मिनिटाला २ अंश तापते. फरक २ अंशांचा ठेवला असेल तर कॉम्प्रेसर चाळीस सेकंद चालणार आणि एक मिनिट थांबणार, याला कोणताही कंट्रोलर काही करू शकत नाही. टायमरने तीन मिनिटे अडवले की पाणी ६ अंश चढते, हेच आपल्या खराब मालाचे कारण होते.

पाणी २०० लिटर केले तर तेच यंत्र अडीच-पावणेतीन मिनिटे चालेल आणि सुमारे चार मिनिटे थांबेल, म्हणजे तासाला साधारण ९ वेळा सुरू होईल. तासाला १० ते १२ ही बहुतेक स्क्रोल कॉम्प्रेसरसाठी मर्यादा मानली जाते, त्यामुळे हे चालण्यासारखे आहे. प्रक्रियेसाठीच्या चिलरला दर टीआरमागे २५ ते ४० लिटर पाणी असावे असा जो ठोकताळा आहे तो याच हिशेबातून येतो. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे इन्सुलेशन केलेली मोठी टाकी. तीत परतीचे गरम पाणी आणि पुढे जाणारे गार पाणी एकमेकांत लगेच मिसळू नये म्हणून मधे आडभिंत घालावी. सेन्सर कुठे आहे तेही पाहा. पाण्याच्या खिशात तो कोरडा, सैल बसलेला असेल आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट भरलेली नसेल तर तो पाण्याच्या मागे राहून माहिती देतो आणि हेलकावे आणखी वाढतात. सेन्सर खरे बोलतो का हे पाहण्यासाठी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून त्यात तो दहा मिनिटे बुडवावा. कंट्रोलरवर ० च्या एक अंश इकडेतिकडे आकडा दिसला पाहिजे.

प्रश्न : आमच्या रासायनिक कारखान्यात ६० टीआरचा वॉटर-कूल्ड चिलर असून कॉम्प्रेसर रेसिप्रोकेटिंग आहे, गॅस आर-२२. लो प्रेशरवर सतत ट्रिप होतो. साइट ग्लासमध्ये (द्रव गॅस पाहण्याच्या काचेत) बुडबुडे दिसतात म्हणून गॅस भरतो, एक-दोन दिवस बरे चालते, मग पुन्हा तेच. आता तर हाय प्रेशरवरही ट्रिप होऊ लागला आहे. ऑपरेटर म्हणतो उन्हामुळे. तोवर लो प्रेशर स्विच ४५ पीएसआयपर्यंत खाली आणून काम भागवत आहोत.
— उत्पादन अधिकारी, चिंचोली एमआयडीसी

उत्तर : प्रथम तो स्विच मूळ जागी आणा. आर-२२ चा ५८ पीएसआय हा दाब म्हणजे गॅसचे ० अंश तापमान. ७ अंशांचे पाणी देणाऱ्या यंत्रात सक्शन (कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचा दाब) साधारण ६२ ते ६५ पीएसआय असते. ४५ पर्यंत उतरू दिल्यास इव्हॅपोरेटरच्या (पाणी गार करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत बर्फ धरतो, नळी फुटते, गॅसच्या बाजूला पाणी शिरते आणि मग यंत्र दुरुस्तीपलीकडे जाते. लो प्रेशर स्विच हे आपले नुकसान टाळणारे शेवटचे साधन आहे, ते हलवणे हा उपाय नव्हे.

लो प्रेशर म्हणजे गॅस कमी, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ आहे की गेज लावण्याआधीच सिलिंडर आणला जातो. साइट ग्लास बहुतेक यंत्रांत फिल्टर ड्रायरच्या (गॅसमधला ओलावा आणि कचरा गाळणाऱ्या भागाच्या) नंतर बसवलेला असतो. ड्रायर चोक झाला असेल तर त्याच्या पुढे दाब पडून द्रवाचे बुडबुडे होतात आणि कंडेन्सर द्रवाने काठोकाठ भरलेला असला तरी काचेत गॅस कमी असल्यासारखे दिसते. आपण भरलेला गॅस कंडेन्सरमध्ये साठत गेला, आणि हाय प्रेशर ट्रिप त्याचाच परिणाम असावा. ड्रायरच्या दोन्ही टोकांचे तापमान मोजा. एक-दोन अंशांपेक्षा अधिक फरक असेल, किंवा पुढच्या टोकाला घाम येत असेल, तर गाठ तिथेच आहे. निर्णय पक्का करण्यासाठी सुपरहीट आणि सबकूलिंग दोन्ही काढावे लागतात. सक्शन पाइपचे तापमान वजा गेजवरच्या सक्शन दाबाला जुळणारे तापमान म्हणजे सुपरहीट, ते ५ ते ८ अंश असावे. कंडेन्सरच्या दाबाला जुळणारे तापमान वजा लिक्विड लाइनचे तापमान म्हणजे सबकूलिंग, ते ४ ते ७ अंश असावे. सुपरहीट अधिक आणि सबकूलिंग कमी असेल तरच गॅस कमी आहे आणि आधी गळती शोधली पाहिजे. सुपरहीट अधिक आणि सबकूलिंगही चांगले किंवा जास्त असेल तर वाटेत अडथळा आहे, ड्रायर, सोलेनॉइड (विजेने उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह. सक्शन दाब कमी असूनही सुपरहीट कमी असेल तर पाण्याकडे पाहा. ६० टीआरला ५ अंशांच्या फरकाने तासाला सुमारे ३६ घनमीटर पाणी लागते, आणि आत-बाहेरचा फरक ८-९ अंश दिसत असेल तर पंपाची जाळी चोक आहे किंवा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे.

उन्हाला दोष देण्याविषयी थोडे. वॉटर-कूल्ड चिलरला हवेचे कोरडे तापमान नव्हे तर वेट बल्ब (ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचे) तापमान महत्त्वाचे असते, आणि सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो. हवा ४२ अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब केवळ २४ अंशांच्या आसपास राहतो, म्हणजे निरोगी कूलिंग टॉवरने २८-२९ अंशांचे पाणी द्यायला हवे. ते ३५ येत असेल तर टॉवरचे फिल, पंखा आणि नोझल पाहा. २९ येत असूनही हाय प्रेशर ट्रिप होत असेल तर कंडेन्सरच्या नळ्यांत खार बसला आहे, किंवा गॅस अधिक झाला आहे, किंवा आत हवा शिरली आहे. बोअरचे जड पाणी टॉवरला वापरत असाल आणि ब्लो-डाउन (साठलेले खारे पाणी काढून टाकणे) करत नसाल तर खाराविषयी शंकाच नको. जादा गॅस काढताना तो हवेत सोडू नका, रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये घ्या. आर-२२ ओझोनच्या थराला घातक आहे आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी केला जात आहे, त्यामुळे तो पुढे महागच होत जाणार.

प्रश्न : साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी चिलर सुरू केला की दोन-तीन मिनिटांत ऑइल प्रेशरवर ट्रिप होतो. दोन-तीनदा रीसेट केल्यावर दिवसभर नीट चालतो. तेलाची पातळी बरोबर आहे. सुट्टीच्या दिवशी वीज वाचवण्यासाठी मेन स्विच बंद ठेवतो.
— मिल कर्मचारी, सोलापूर

उत्तर : मेन स्विच बंद केला की क्रँककेस हीटरही (कॉम्प्रेसरमधले तेल गरम ठेवणारा) बंद होतो. गार तेलात गॅस विरघळून राहतो. सकाळी सुरू करताच दाब पडून तेल फेसाळते, पंपाला तेलाऐवजी फेस मिळतो आणि सुमारे दोन मिनिटांनी ऑइल सेफ्टी उडते. तेलाच्या साइट ग्लासमध्ये सुरुवातीला पांढरा फेस दिसेल. त्या दोन मिनिटांत बेअरिंग जवळजवळ कोरडे फिरते, आणि रीसेट करून तेच पुन्हा घडवले जाते. हीटर काही थोड्या वॅटचा असतो, तो चालूच राहू द्यावा. मेन स्विच कधी बंद करावाच लागला तर सुरू करण्याआधी निदान १२ ते २४ तास हीटर चालवावा. हीटर जळालेला नाही ना, हे टाँग टेस्टरने करंट पाहून खात्री करा. लिक्विड लाइनचा सोलेनॉइड बंद झाल्यावर नीट बसतो का, तेही तपासा. तो गळत असेल तर हीटर असूनही गॅस रात्रभर आत उतरत राहतो.

प्रश्न : आमच्या स्क्रू चिलरची क्षमता ५० टक्क्यांच्या वर जात नाही. कंट्रोलर १०० टक्के मागणी दाखवतो, अलार्म काही नाही.
— वाचक, होटगी रोड

उत्तर : मागणी आणि प्रत्यक्ष क्षमता यांच्यामध्ये स्लाइड व्हॉल्व्ह (कॉम्प्रेसरची क्षमता कमी-जास्त करणारी सरकती झडप) आणि त्याला तेल देणारे-सोडणारे सोलेनॉइड असतात. कंट्रोलर लोड करण्याचा आदेश देतो त्या वेळी संबंधित सोलेनॉइडच्या कॉइलवर व्होल्टेज येते का ते मोजा. व्होल्टेज येत असून मोटरचा करंट वाढत नसेल तर कॉइल जळाली आहे, प्लंजर अडकला आहे किंवा तेलाच्या बारीक वाटेत मळ आहे. व्होल्टेजच येत नसेल तर कंट्रोलर मुद्दाम अडवतो आहे का ते पाहा. हेड प्रेशर किंवा करंट मर्यादेजवळ आला की तो क्षमता वाढवणे थांबवतो, आणि पुष्कळ यंत्रांत ही गोष्ट अलार्म म्हणून नव्हे तर साध्या सूचनेच्या ओळीत दिसते.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा अभ्यासक्रम करत आहे. उमेदवारीच्या ठिकाणी फॉल्ट शोधताना एकेक स्विच जंपर करून (तारेने बायपास करून) पाहतात. हे बरोबर आहे का? दुसरी पद्धत कोणती?
— विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : बरोबर नाही. फ्लो स्विच जंपर करून कॉम्प्रेसर चालवला आणि पाणी खरेच थांबलेले असेल तर काही मिनिटांत इव्हॅपोरेटर गोठतो. हाय प्रेशर स्विच जंपर केला तर माणसाच्या जिवाशी खेळ होतो. शिवाय जंपर काढायचा राहून जातो, आणि कुठे लावला होता हे दुसऱ्या पाळीच्या माणसाला ठाऊक नसते.

मोजमापाने तेच काम सुरक्षितपणे होते. कॉम्प्रेसरचा मुख्य पुरवठा बंद करून आयसोलेटरला कुलूप लावा आणि फक्त कंट्रोलचा पुरवठा चालू ठेवा. फेज सिक्वेन्स रिलेला मात्र तिन्ही फेज मिळत राहिले पाहिजेत, नाहीतर तोच संपर्क उघडा दिसेल. पंप चालू असू द्या, नाहीतर फ्लो स्विच उघडाच दिसेल. मग मल्टिमीटरचे एक टोक न्यूट्रलवर पक्के ठेवून दुसरे टोक साखळीतल्या पहिल्या टर्मिनलपासून एकेक पुढे नेत जा. ज्या संपर्काच्या आधी २३० व्होल्ट आहेत आणि नंतर नाहीत, तो संपर्क उघडा आहे. काही जण संपर्काच्या दोन टोकांवर मीटर लावतात. एकच संपर्क उघडा असेल तर तिथे पूर्ण व्होल्टेज दिसते आणि पद्धत चालते, परंतु दोन संपर्क एकाच वेळी उघडे असतील तर दोन्ही ठिकाणी नीट काहीच दिसत नाही आणि नवशिक्या मेकॅनिक तासभर गोंधळतो. म्हणून न्यूट्रलपासून मोजण्याची सवय लावून घ्या. संपर्क उघडा सापडला म्हणजे स्विच खराब, असेही लगेच ठरवू नका. दाबाच्या स्विचशेजारी गेज लावून खरा दाब पाहा, फ्लो स्विच असेल तर पाण्याच्या आत-बाहेरच्या दाबांतला फरक पाहा. स्विच आपले काम चोख करत असण्याचीच शक्यता जास्त असते.

लांब केबलमध्ये डिजिटल मीटर कधी कधी तुटलेल्या तारेवरही ४०-६० व्होल्ट दाखवतो. हे शेजारच्या तारेवरून आलेले फसवे व्होल्टेज असते आणि टेस्ट लॅम्प लावला की ते नाहीसे होते. मात्र टेस्ट लॅम्प फक्त २३० व्होल्टच्या कंट्रोल सर्किटवर वापरा. सेन्सरच्या आणि कंट्रोलर कार्डाच्या इनपुटवर ५ किंवा २४ व्होल्ट असतात, आणि तिथे लॅम्प टेकवला तर कार्ड जागच्या जागी जळते.